कणकेचा हात आणि चार इंचांचा फोन

काकू, नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो. आई घरून डबे देते, सध्या बत्तीस आहेत. बहुतेक बाहेरगावाहून शिकायला आलेली मुलं. ‘आज अर्धाच डबा’, ‘उद्या नको’ हे सगळं व्हॉट्सॲपवर येतं, पैसेही फोनवरच. तिचा साडेसहा इंची फोन पाच वर्षांचा झाला. दोनदा ओट्यावरून पडून काच तडकली आहे. पाठही थोडी फुगली आहे, कव्हर नीट बसत नाही. त्यात तिचा उजवा अंगठा दुखतो. ती म्हणते, मला ही पाटी नको, मुठीत मावेल असा फोन दे. मला ऑनलाइन ४ इंची एक नवा फोन दिसला: ६,५०० रुपये, ३ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, २००० एमएएच बॅटरी. कंपनीचं नाव कधी ऐकलेलं नाही. दादा म्हणतो, ते खेळणं आहे, १५,००० घाल आणि ५जी घे. माझ्याकडे जास्तीत जास्त ११,००० आहेत. घ्यावा का तो छोटा फोन?
– एक लेक, रामबाग

प्रिय लेकी,

तुझ्या पत्रातलं एक वाक्य तू सहज लिहून गेलीस आणि मी तिथेच अडकले. पाठ फुगली आहे, कव्हर बसत नाही. अगं, फुगते ती पाठ नव्हे, आतली बॅटरी. त्यामुळे नव्या फोनचं आपण निवांत बोलू, पण आजपासून हा फोन चार्जिंगला लावायचाच नाही, उशाशी ठेवायचा नाही आणि गॅसजवळ ओट्यावर तर मुळीच नाही. कव्हर दाबून बसवायचा हट्ट नको, सुईने टोचून ‘हवा काढायचा’ शहाणपणा तर कुणी करूच नये. उद्या दुकानात नेऊन बॅटरी बदलून घे. थोडे पैसे जातील, पण नवा फोन घाईत घ्यावा लागणार नाही. काढलेली बॅटरी आपल्या इंदूरच्या कचरागाडीत ओल्या-सुक्यात मिसळू नकोस, तिला वेगळा डबा आहे.

आता मूळ प्रश्न. आईंचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. ‘पाटी’ हा शब्द तर इतका चपखल आहे की मी तो इथून पुढे वापरणार. २०११ मध्ये सॅमसंगने ५.३ इंचांचा ‘गॅलेक्सी नोट’ फोन काढला होता तेव्हा लोक हसले होते, कानाला ताट लावल्यासारखं दिसतं म्हणून. तो १७८ ग्रॅमचा होता. आज दहा हजारांत मिळणारे फोन ६.७ इंचांचे आणि १९०-२०० ग्रॅमचे असतात आणि कुणी हसत नाही. कव्हर आणि वरच्या काचेचं वजन आणखी वेगळं. ते सगळं वजन आपण करंगळीवर तोलतो आणि अंगठ्याला पार पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत ताणतो. दिवसभर पोळ्या लाटणाऱ्या अंगठ्याला संध्याकाळी ही कसरत नकोशी वाटणारच. (अंगठ्याच्या मुळाशी दुखणं आठवड्याहून जास्त रेंगाळलं असेल तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. त्याचा सगळा दोष फोनवर घालू नका, लाटण्याचाही वाटा असेल.)

अडचण अशी की छोटा आणि स्वस्त हे दोन्ही गुण आता एका फोनात सहसा भेटत नाहीत. पूर्वी भेटायचे. २०१७ चा रेडमी ५ए आठवतोय का? ५ इंच, १३७ ग्रॅम, किंमत सहा हजारांच्या आत. माझ्या ओळखीतल्या निम्म्या घरांत तो होता. मग लोक फोनवरच सिनेमे बघायला लागले, पडदा वाढला, वाढत्या पडद्याला मोठी बॅटरी लागली आणि मोठ्या बॅटरीला जागा. ॲपलने आयफोन १३ मिनी काढला, १४१ ग्रॅमचा सुरेख फोन, पण लोकांनी मोठाच घेतला आणि २०२३ मध्ये त्यांनी मिनी विकणं थांबवलं. २०२५ मध्ये आपल्याकडे ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून गाजावाजा करून आलेला वनप्लस १३एस ६.३ इंचांचा होता आणि त्याची किंमत होती ५५ हजारांच्या घरात! म्हणजे नावाजलेल्या कंपन्यांनी छोटा फोन हा आता श्रीमंतांचा लाड करून टाकला आहे. स्वस्तात जी जागा रिकामी राहिली तिथे हे अनोळखी नावांचे ४ इंची फोन शिरले. तुला दिसलेला त्यांतलाच.

मी हे ठामपणे सांगते आहे कारण मी असा एक घेतलेला आहे.

कंपनीचं नाव सांगत नाही, आठवायलाही फोन उलटा करून बघावं लागतं. सकाळी नेहरू पार्कात फिरायला जाताना बरा पडेल म्हणून घेतला. पहिले चार दिवस नुसतं कौतुक. सानंद संस्थेच्या नाटकाला चिमुकल्या पर्समध्ये टाकून नेला तर शेजारच्या खुर्चीतल्या बाईंनी ‘कित्ती गोड’ म्हणून हातात घेऊन पाहिला. पाचव्या दिवशी रात्री दहाला सराफ्याच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) खाल्लं, पैसे द्यायला फोन काढला आणि तो माझ्या डोळ्यांदेखत मावळला. बॅटरी संपली होती. पैसे शेजारच्या काकांनी दिले आणि अजून दर दिवाळीला ते ती गोष्ट सांगतात. महिन्याने तोच फोन जिन्यात पडला, काच गेली. जेल रोडला मोबाइलच्या डॉलर मार्केटमध्ये चार ठेल्यांवर फिरले. शेवटच्या पोराने फोन उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, ‘आंटीजी, इसका काँच तो कंपनी के पास भी नी होगा.’ त्याचा तो इंदुरी ‘नी’ माझ्या डोक्यात पक्का बसला आहे.

म्हणून माझी पहिली परीक्षा हीच, आणि ती फोन घेण्याआधीची आहे. फोनचं नाव आणि मॉडेल कागदावर लिही, शनिवारी जेल रोडला जा आणि तीन दुकानांत विचार: याची काच मिळेल? बॅटरी मिळेल? टेम्पर्ड ग्लास आणि कव्हर आहे का? तिघांपैकी दोघांनी ‘नाही’ म्हटलं तर रॅम, कॅमेरा, काही बघायची गरज नाही. आईंचा फोन ओट्यावर राहणार, पिठाच्या हाताने उचलला जाणार, म्हणजे पडणारच. ज्या फोनची काच मिळत नाही तो पहिल्यांदा पडला की संपला.

दुसरी गोष्ट बॅटरीची आणि इथे थोडा हिशेब करू. छोट्या पडद्याला वीज कमी लागते हे खरं. पण रेंज शोधणं, कॉल चालू ठेवणं, नेटवरून मेसेज खेचत राहणं याला लागणारी वीज पडद्याच्या मापावर ठरत नाही. रामबागेतल्या जुन्या घरांच्या मागच्या स्वयंपाकघरात रेंज कशी असते ते मी तुला सांगायला नको. फोन रेंजसाठी धडपडत राहतो आणि बॅटरी उतरत राहते. समजा आईंच्या वापराला दिवसाला २५०० एमएएच लागतात. २००० च्या बॅटरीला त्यासाठी सव्वा वेळा भरावं लागेल. लिथियमची बॅटरी साधारण ५०० ते ८०० वेळा पूर्ण भरली की तिची ताकद मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते आणि मग ती चहाच्या वेळेलाच मान टाकायला लागते. ५०० धरले तर सव्वाच्या हिशेबाने ४०० दिवस, म्हणजे जेमतेम तेरा महिने. हाच वापर ५००० एमएएचच्या फोनात दिवसाला अर्धीच बॅटरी खातो. तिथे तेच ५०० भराव १००० दिवस पुरतात, पावणेतीन वर्षं. छोटी बॅटरी लवकर संपते एवढंच लोक बघतात. ती म्हातारीही लवकर होते. आता पैशांत बघ: ६,५०० चा फोन तेरा महिने चालला तर महिन्याला ५०० रुपये पडले. १०,५०० चा तेहतीस महिने चालला तर ३२० च्या आत. मोठ्या फोनची बॅटरी बदलून आणखी वर्षभर चालवता येईल, छोट्याची कुठून आणणार?

तिसरी परीक्षा करायला घरातलं एटीएम कार्ड घे. त्याची आखूड बाजू ५४ मिलिमीटर असते. ४ इंची फोनचा पडदा जुन्या ठेवणीचा असेल तर साधारण ५० मिलिमीटर रुंद, म्हणजे कार्डाहूनही अरुंद. त्यावर मराठी कीबोर्ड उघडला की एका ओळीत दहा-अकरा अक्षरं येतात. एकेका अक्षराच्या वाट्याला पाच मिलिमीटरही येत नाहीत, तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढी जागा म्हण. इंग्रजीत ‘ओके’ लिहिणाऱ्याचं भागतं. आईंना ‘उद्या चतुर्थी, साबुदाण्याची खिचडी असेल, किती जणांना हवी ते रात्रीपर्यंत कळवा’ असं बत्तीस जणांना लिहायचंय. जोडाक्षराला तीन ठिकाणी बोट लागतं आणि त्यांतलं एक हमखास शेजारी पडतं. आईंना चष्मा असेलच. म्हणून त्या अक्षरं मोठी करतील, आणि छोट्या पडद्यावर अक्षरं मोठी केली की बटणं पडद्याखाली ढकलली जातात. पैसे पाठवायच्या पानावर खालचं बटणच दिसत नाही असं माझ्या त्या फोनात झालं होतं. बोलून टाइप करणं हा उपाय आहे आणि गूगलच्या कीबोर्डला मराठी चांगलं कळतं. पण मागे कुकर शिट्ट्या मारत असताना ‘साबुदाणा’चं काय होतं ते एकदा बघ, हसून घे.

मापावरून आठवलं, इंचांच्या आकड्याला भुलू नकोस. तो आकडा पडद्याच्या तिरप्या रेषेचा असतो. जुना ५.५ इंची फोन आठव, त्याचा पडदा साधारण ६८ मिलिमीटर रुंद होता. आजच्या ६.७ इंची फोनचा सुमारे ७०. रुंदीत फरक जवळजवळ नाही. वाढली ती उंची, १२२ वरून १५५ मिलिमीटरपर्यंत. मुठीत फोन मावतो की नाही हे रुंदी आणि वजन ठरवतात, उंचीमुळे फक्त वरचा कोपरा लांब जातो. त्यामुळे दुकानात इंच विचारू नकोस, फोनची रुंदी किती मिलिमीटर आणि वजन किती ग्रॅम ते विचार. दुकानदार चमकून बघेल, बघू दे. खोक्यावर नसलं तर कंपनीच्या साइटवर दोन्ही असतात. सारख्या किमतीच्या दोन फोनांत पंधरा-वीस ग्रॅमचा फरक असतो आणि तो हाताला रात्री कळतो.

रॅम आणि स्टोरेजचं थोडक्यात. ३ जीबीवर आज व्हॉट्सॲप, यूपीआय आणि कॅमेरा एकामागून एक उघडले की फोन विचार करत बसतो. किमान ४ जीबी हवी, ६ मिळाली तर उत्तम. ‘४ अधिक ४’ असं लिहिलेलं असलं तर दुसरे ४ खरे नसतात, स्टोरेजचाच तुकडा रॅम म्हणून वापरतात आणि तो हळू असतो. स्टोरेज १२८ जीबी घे. ६४ मधले पंधरा फोनची स्वतःची व्यवस्थाच खाते, आणि उरलेले सुप्रभातचे फूल, गणपती, वाढदिवसाचे केक असं करत कसे भरतात ते तुला माहीत आहे. कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलकडे बघूच नकोस. डब्याचा फोटो बरा आला की झालं.

अनोळखी फोनात मला सगळ्यांत जास्त भीती वाटते ती पैशांची. आईंची महिन्याची सगळी कमाई त्या फोनमधून जाणार. फोन हातात आला की सेटिंगमध्ये ‘फोनबद्दल’ उघडून सुरक्षा अपडेटची तारीख बघायची. ती दोन वर्षांपूर्वीची असेल तर तो फोन नवा असूनही शिळा आहे. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये तळाशी ‘प्ले प्रोटेक्ट प्रमाणपत्र’ असतं, तिथे ‘डिव्हाइस प्रमाणित आहे’ असं दिसलं पाहिजे. नसेल तर बँकेची काही ॲप चालणारच नाहीत. *#०६# दाबून आयएमईआय नंबर (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) काढ, खोक्यावरच्याशी ताडून बघ आणि मेसेजमध्ये केवायएम लिहून पुढे तो नंबर टाकून १४४२२ वर पाठव (अक्षरं आणि आकडे इंग्रजीतच), सरकारी नोंदीत तो फोन कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा आहे ते कळतं. परदेशातून आलेल्या छोट्या फोनांत आणखी एक गंमत असते. त्यांत आपल्याकडचे सगळे बँड, म्हणजे नेटवर्कच्या लहरींचे पट्टे, नसतात. जिओचं ४जी ३, ५ आणि ४० या बँडवर चालतं. त्यातला ५ हा कमी फ्रिक्वेन्सीचा, जाड भिंतींतून आत शिरणारा. तोच नसेल तर फोन अंगणात छान बोलतो आणि स्वयंपाकघरात मुका होतो.

म्हणजे दादा बरोबर का? अर्धा. खेळणं आहे हे त्याचं खरं. पण १५,००० कशाला? आईंच्या कामाला ४जी पुरतं. ५जीसाठी ज्यादा मोजण्यापेक्षा तेच पैसे स्टोरेजला जाऊ दे. आणि दादाला एकदा म्हणावं, पिठाच्या हाताने तो १५,००० चा फोन तूच चालवून दाखव, मग पुढे बोलू.

माझा सल्ला असा. तो ४ इंची घेऊ नकोस. ९ ते १०,००० च्या आसपास, ज्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर इंदूरमध्येच आहे तिचा, ४ किंवा ६ जीबी आणि १२८ जीबीचा फोन घे, आणि त्या किमतीत मिळतील त्यांतला सगळ्यांत अरुंद आणि हलका निवड. १९० ग्रॅमच्या आतला मिळाला तर देवाला नारळ फोड. सुरक्षा अपडेट किती वर्षं देणार हे विचारायला विसरू नकोस. २०२४ च्या गॅलेक्सी ए१६ ला सॅमसंगने सहा वर्षांचं वचन दिलं आहे. तुझ्या बजेटमध्ये तेवढं मिळेलच असं नाही, पण तीन वर्षांच्या खाली जाऊ नकोस.

उरलेले हजारभर रुपये आईंच्या खऱ्या दुखण्यावर खर्च कर. तुझं पत्र दोनदा वाचल्यावर मला असं वाटलं की त्यांना लहान फोन हवाय तो बहुतेक तो सारखा उचलावा लागतो म्हणून. हात कणकेत, फोन वाजतो, कोपराने सरकवतात, पडतो. गळ्यात घालायचा ब्लूटूथ नेकबँड घेऊन दे. फोन फळीवर राहील, आईंनी मनगटाने किंवा एका स्वच्छ बोटाने मानेजवळचं बटण दाबलं की कॉल घेतला. एका खोलीच्या अंतरात तो आरामात चालतो. पातळ कव्हर घे, ज्याच्या पाठीला बोटं अडकवायचा पट्टा असतो ते. करंगळीवरचा भार त्याने कमी होतो. बाहेर जाताना खांद्याला अडकवायचा कापडी कसा कुणी शिवून देईल. फोनच्या सेटिंगमध्ये ‘एका हाताने वापरा’ अशी सोय असते, ती चालू करून दे, सगळा पडदा अंगठ्याजवळ खाली येतो. कीबोर्डही एका बाजूला सरकवता येतो. एवढं केल्यावर पाटी थोडी कमी पाटी वाटेल.

फिंगरप्रिंटचं एक सांगायचं राहिलं. वर्षानुवर्षं भांडी आणि कणीक हाताळलेल्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजतात, आधारच्या मशीनवर माझं स्वतःचं बोट उमटत नाही. दुकानातच आईंचं बोट लावून बघ. कडेच्या बटणावरचा सेन्सर बहुतेक नीट घेतो. दोन्ही हातांची दोन-दोन बोटं नोंदव. पण पिन आईंच्या डोक्यात पक्का हवा, फोनच्या मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर नको. (हो, मी पाहिलंय असं.)

म्हणून आईंना घेऊनच जा. दुपारी डबे गेल्यावर चारच्या सुमाराला. दुकानात दाखवायला ठेवलेला खरा फोन हातात दे, प्लास्टिकचा नमुना नको, त्याचं वजन खोटं असतं. तिथे उभ्याउभ्या आईंनी एका हाताने ‘श्रीखंडाचा डबा उद्या’ असं लिहावं, अक्षरं मोठी करून पैसे पाठवायचं पान उघडावं, जेल रोडच्या गोंगाटात एक फोन लावून पलीकडचं ऐकू येतं का बघावं. पाच मिनिटं फोन खाली न ठेवता. अंगठा कुरकुरला तर दुसरा बघायचा. दुकानदाराला घाई असेल तर त्याच्या दुकानातून निघायचं. पक्कं बिल घ्यायचं.

सेकंडहँडचा विचार तुझ्या मनात आला असेलच, कारण चांगले छोटे फोन आता तिथेच उरलेत. गूगलचा पिक्सेल ४ए, २०२० चा, १४३ ग्रॅम, हातात घेतला की सोडवत नाही. पण त्याची सुरक्षा अपडेट २०२३ मध्येच थांबली, त्यामुळे ज्या फोनवर पैसे येणार तो म्हणून नको. आयफोन एसई, २०२० चा, ४.७ इंच आणि १४८ ग्रॅम, अजून चालतो, अपडेटही २०२५ पर्यंत आलं आहे. पण त्याची बॅटरी मुळात १८२१ एमएएचची आणि आता थकलेली. शिवाय अँड्रॉइडची सवय असलेल्या आईंना पुन्हा पहिलीत बसवायचं. तुला स्वतःला हवा असेल तर बॅटरी बदलून देणाऱ्या, लेखी वॉरंटी देणाऱ्या दुकानातून बघ. आईंना नको. बटणांचा साधा फोन देऊन मोकळं व्हावं असंही कुणी सुचवेल. पण डब्यांचं सगळं व्हॉट्सॲपवर आहे, आणि बटणांच्या ज्या फोनांत ते पूर्वी चालायचं त्यांतूनही आता गेलं.

आणि एवढं सगळं ऐकूनही आई म्हणाल्या की मला मुठीतलाच हवा, तर माझा चिमुकला फोन तडकलेल्या काचेसकट कपाटात आहे. आठवडाभर घेऊन जा. त्यावर बत्तीस डब्यांचा एक दिवस काढला की निर्णय आई स्वतःच घेतील, तुला किंवा दादाला काही बोलावं लागणार नाही.

फोन घेतलास की बदलायचं काम रविवारी संध्याकाळी कर, तेव्हा डबे नसतील असं मी धरते. दोन्ही फोन शेजारी ठेवून क्यूआर स्कॅन केला की व्हॉट्सॲपचे मेसेज थेट नव्यावर जातात, पण त्याआधी फोनमध्ये साठवलेले सगळ्यांचे नंबर गूगल खात्यावर गेलेत का ते तपास. यूपीआय नव्या फोनवर सुरू केल्यावर पहिले २४ तास मोठी रक्कम पाठवताना अडू शकते. तेव्हा किराणावाल्याचं महिन्याचं बिल शनिवारीच चुकतं करा. सोमवारी सकाळी सातला कुणाचा तरी ‘काकू, आज भात नको’ येईल, तो नव्या फोनवर आला पाहिजे.